भिंतीला पाठ लावून

मे महिना लागला की आमच्या घाटकोपरच्या गल्लीत टेम्पो यायला लागतात. परीक्षा संपलेल्या असतात, अकरा महिन्यांचे करार संपत आलेले असतात, आणि घरं बदलायचा हंगाम सुरू होतो. जिन्यातून आंब्याच्या पेट्या वर चढतात आणि गाद्या खाली उतरतात. फ्रिजच्या दाराला चिकटपट्टी, बादलीत कोंबलेले झारे-पळ्या, उलटी धरलेली खुर्ची. सगळ्यात शेवटी घरातली बाई देवांचा डबा छातीशी धरून खाली येते. देव टेम्पोत टाकत नाहीत. यंदाही समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब गेलं. जाताना पंखा बंद करायला विसरले. रिकाम्या खोलीत तो कुणासाठी तरी फिरत राहिलेला उघड्या खिडकीतून दिसायचा, आणि मला काही वर्षांपूर्वीचा तो मे आठवत राहायचा, जेव्हा मी रोज कुणाच्या तरी घराच्या भिंतीला पाठ लावून उभी असायचे.

तेव्हा मी घरांचे फोटो काढायचे. विकायची घरं, भाड्यानं द्यायची घरं. काम द्यायचे दळवीकाका. मूळचे मालवणकडचे, भांडुपला त्यांचं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि भिंतीवर किल्ल्यांचे जुडगे. "गो मेघा," ते म्हणायचे, "आता आधी घर बघूक कोण येणा नाय. आधी फोटो बघतत. फोटो आवडलो तर जिने चढतत."

माझा कॅमेरा लग्नाआधी घेतलेला, छोट्या सेन्सरचा. आमच्यात त्याला क्रॉप म्हणतात. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली ती चकचकीत पाटी, जिच्यावर चित्र उमटतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यात ती जुन्या रोलवरच्या एका फोटोएवढी असते. माझ्यात त्याहून बरीच लहान. लेन्स बाहेरचं जग आत आणून ओतते, पण लहान पाटीवर त्याचा मधलाच तुकडा मावतो, कडेचं सगळं सांडून जातं. पक्षी टिपणाऱ्यांना हे फार सोयीचं. लांबचं जवळ आल्यासारखं दिसतं, म्हणून खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाणारे माझे ओळखीचे लोक क्रॉपवर खूश असायचे. माझ्यासमोर पक्षी नव्हते. माझ्यासमोर दहा बाय दहाची खोली असायची, आणि मागे जायला जागा नसायची.

मी दाराला पाठ लावून बघायचे. पलंग आला तर कपाट नाही. मग मोरीत जाऊन उभी राहायचे. कपाट आलं तर खिडकी नाही. मग खिडकीच्या ग्रिलमध्ये चढून, कुंड्यांच्या मधे गुडघे दुमडून बसायचे. पाठीला तापलेलं लोखंड लागायचं. कितीही मागे सरकलं तरी खोली पूर्ण यायचीच नाही. लेन्स होती तिच्या शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेली असायची आणि तरी मी ती आणखी फिरवायचा प्रयत्न करायचे, जसं घट्ट बसलेल्या बरणीचं झाकण आपण पुन्हा पुन्हा फिरवून बघतो.

आमचं घर तरी काय वेगळं होतं? वन रूम किचन. सासू-सासरे, नरेश, मी आणि आमची मुलगी ओवी. सासरे रिटायर झाल्यापासून खिडकीपाशी खुर्ची टाकून पेपर वाचायचे, ती त्यांची जागा. ओट्याजवळ सासूबाई, ती त्यांची जागा. ओवीचं दप्तर आणि ओवी कॉटवर. नरेश ऑफिसातून आला की दारातच थोडा वेळ थांबायचा, कुठे बसायचं ते ठरवत. मी फोटो नीट करायला लॅपटॉप मांडीवर घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसायचे आणि कुणाला आत जायचं असलं की उठायचे. सासूबाई वाईट नव्हत्या. तेच अवघड होतं. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. त्या स्वतः उठून म्हणायच्या, "तू बस गं इथे, मी जिन्यात बसते." मग मला बसवायचं नाही.

त्यामुळे दुसऱ्यांची रिकामी घरं मला आवडायची. कुलूप उघडलं की कोंडलेल्या हवेचा, झुरळांच्या औषधाचा आणि नव्या डिस्टेंपरचा वास यायचा. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी फिकट चौकोन. चप्पल वाजली तरी घर उलट आवाज करायचं. मी खिडक्या उघडायचे आणि काम सुरू करायच्या आधी फरशीच्या मधोमध नुसती उभी राहायचे.

त्याच महिन्यात गिरीशचं मनगट मोडलं. गिरीश म्हणजे माझ्याबरोबर फोटोग्राफीचा कोर्स केलेला मित्र, अंधेरीला राहायचा, लग्नाचे फोटो काढायचा. ऐन लग्नसराईत हात प्लास्टरमध्ये. मी बघायला गेले तर खाटेवर बसून चिडचिड करत होता. कॅमेऱ्याची बॅग त्याच्या समोरच टेबलावर होती.

"ही घेऊन जा यार इथून," तो म्हणाला. "रोज बघून डोकं फिरतंय माझं. फुल फ्रेम आहे, वर सोळा-पस्तीसची वाइड आहे. तुझ्या त्या खुराड्यांत कामाला येईल."

"पडला-बिडला तर?"

"तर माझा दुसरा हात मोडशील. घे ना."

मी आधी गंमत म्हणून माझीच लेन्स त्याच्या कॅमेऱ्यावर लावून बघितली. क्रॉपसाठी बनवलेली लेन्स मोठ्या पाटीला पुरत नाही. चित्राभोवती चारी बाजूंनी काळं आलं, मधे गोल उजेड आणि त्यात प्लास्टरवाला गिरीश. विहिरीच्या तळातून वर बघितल्यासारखं. मग त्याची वाइड, म्हणजे रुंद बघणारी लेन्स, लावली आणि अंधेरीची ती खोली एकदम उलगडली. दोन्ही भिंती, दार, पंखा, माझ्या स्वतःच्या चपलांची टोकं, सगळं आत. एवढ्याशा खोलीत इतकी जागा होती आणि आपल्याला दिसत नव्हती, असं वाटलं.

"हुरळू नकोस," गिरीश म्हणाला. "जागा तेवढीच आहे. तू अगदी जवळ उभी राहून सगळं आत घेतेस, म्हणून जवळचं मोठं दिसतं आणि मागची भिंत लांब पळते. आणि कडेला माणूस ठेवू नकोस, ताणला जातो. पाहुणी मावशी कडेला आली की माझ्याकडून परत काढून घेते फोटो."

मग पुढचे काही दिवस माझी चंगळ झाली. विक्रोळी, कांजूर, भांडुप, जिथे जाईन तिथे खोल्या मोठ्या होत गेल्या. दळवीकाका खूश. लोक जिने चढायला लागले. वर येऊन दारात थबकायचे आणि म्हणायचे, "फोटोत मोठं वाटलं होतं." दळवीकाका त्यांना खिडकीतली हवा दाखवायचे.

मुलुंड पूर्वेचं घर असंच आलं. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मला वाटलं रिकामं असेल. दार एका बाईंनी उघडलं. सत्तरीच्या आसपास, सुती साडी, एका हातानं गुडघा धरलेला. त्या कुंदाताई. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, लग्न केलेलं नाही, सगळं आयुष्य याच घरात. भाऊ वारला, वहिनी गेली. भाच्याचं म्हणजे भावाच्या मुलाचं, अमोलचं, बोरिवलीला घर होतं. त्याला हे विकून तिथेच मोठं घ्यायचं होतं. घर कुंदाताईंच्या वडिलांचं, त्यामुळे विकायला आत्या आणि भाचा दोघांच्याही सह्या लागणार होत्या. हे सगळं त्यांनी मला पाणी देता देता सांगितलं आणि खिडकीजवळच्या दिवाणावर जाऊन बसल्या.

"ताई, जरा आत बसता? खोलीचा फोटो काढायचाय."

"आत म्हणजे कुठे? स्वयंपाकघरात? मी इथंच बसते. तुला काढायचं ते काढ."

क्रॉपवर त्यांना सहज वगळता आलं असतं. वाइडमध्ये त्या कुठूनही आत यायच्या. दारातून काढला तर डाव्या कडेला, मोरीतून काढला तर उजव्या. मी शेवटी तसाच काढला आणि त्यांनी हात पुढे केला, दाखव म्हणून. पडद्यावर दिवाण मालगाडीच्या डब्याएवढा लांब झालेला, त्यावर त्या, आणि कडेला आलेला त्यांचा हात कोपरापासून ताणलेला.

त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं.

"हे आमचं घर नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात इथून हाक मारली तर चुलीशी ओ यायची. या घरात मी मेले तरी कुणाला ऐकू जाणार नाही."

फोटोत बाई आहे म्हणून दळवीकाकांनी तो परत काढायला सांगितला. पुढच्या आठवड्यात अमोल कुंदाताईंना गुडघ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जाणार होता. शेजारणीकडून किल्ली घेऊन मी घरात शिरले. भर दुपार. सगळ्या बाजूंनी फोटो काढले. घर स्वच्छ, रिकामं, ऐसपैस दिसत होतं. काम संपलं आणि मला बाहेर पडवेना. घरी सुट्टीमुळे ओवी दिवसभर असणार, सासऱ्यांचे मित्र आलेले असणार, मोरीचा उंबरा माझी वाट बघत असणार. मी पाच मिनिटं म्हणून दिवाणावर टेकले.

जाग आली तेव्हा पंखा सुरू होता, जो मी लावला नव्हता. पायांवर पातळ चादर होती. कुंदाताई खुर्चीत बसून भेंडी चिरत होत्या. मी धडपडत उठले.

"झोप, झोप," त्या म्हणाल्या. "अमोल गेला. दार लावून घेतलंय मी. कोण येत नाही."

मला रडू आलं. का ते नीट सांगता आलं नसतं. लग्नानंतर मी दुपारी अशी एकटी कधी झोपलेच नव्हते, एवढंच. कुंदाताई भेंडीची देठं पेपरात गुंडाळत म्हणाल्या, "चहा टाकते. साखर किती?"

त्यानंतर मी मुलुंडच्या बाजूला गेले की वर डोकावायचे. त्या वेळी घर बघायला माणसं येत असायची. बूट न काढता आत शिरायची, कपाटं उघडायची, मोरीचा नळ सोडून बघायची, आणि कुंदाताई दिवाणावर बसलेल्या असताना त्यांच्या डोक्यावरून बोलायची. "ही भिंत पाडता येईल." "हे सगळं सामान जाणार ना?" त्या नुसत्या बघत राहायच्या. शेवटी एक कुटुंब पक्कं झालं.

मग अमोलचा फोन आला. मी बोरिवलीला त्याच्या घरी यावं असं त्याचं म्हणणं होतं.

अमोल चाळिशीचा, दमलेला, बोलायला चांगला. दारातच म्हणाला, "मॅडम, मोठं घर मिळेपर्यंत आत्या इथेच राहणार, तिला दाखवायला तिच्या खोलीचा फोटो हवाय. तिला इथपर्यंत आणायचं म्हणजे गुडघ्यांची वाट लागते, आणि इथल्या रंगकामाच्या धुळीनं दमा. तुमच्यावर तिचा विश्वास आहे. तुम्ही काढलेला बघितला की ती तयार होईल."

खोली म्हणजे हॉलची बंद करून घेतलेली बाल्कनी होती. सरकत्या काचा, त्यांना निळी फिल्म लावलेली. एका टोकाला वॉशिंग मशीन, आणि मशीनला चिकटून एक सिंगल कॉट. हॉलमध्ये त्याच्या दोन मुली जमिनीवर अभ्यासाची पुस्तकं पसरून बसल्या होत्या. त्यांनी मला वाट द्यायला पाय पोटाशी ओढून घेतले. त्या हालचालीत इतकी सवय होती की मला ओवी आठवली. मी बाल्कनीत गेले आणि सवयीनं मधोमध उभी राहून हात पसरले. दोन्ही तळवे टेकले. एक भिंतीला, एक काचेला.

मी क्रॉपवर पस्तीसची साधी लेन्स लावली होती. तिनं डोळ्यांना दिसतं साधारण तसंच येतं. अर्धी कॉट आली, मशीनचं अंग आलं, संपलं.

"वाइडनं काढा ना," अमोल मागून म्हणाला. "मुलुंडला काढले तसे."

मी गिरीशचा कॅमेरा काढला. कोपऱ्यात पाठ लावली, वाइड लावली. निळसर उजेडाची एक लांबलचक खोली समोर आली. कॉट इथे, मशीन कुठल्या कुठे. पलीकडे एखादं टेबल-खुर्ची मावेल असं कुणालाही वाटलं असतं. अमोलनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "बघा, छान आहे की. आम्हीच उगाच..." मला वाटतं, त्या क्षणी त्याचाही त्या फोटोवर विश्वास बसला होता.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंचा फोन आला. "अमोलनं खोली पाठवलीय. तू काढलीस म्हणे."

"हो ताई."

"केवढी आहे गं? खरं सांग."

मी आमच्या घरात मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते. सासऱ्यांनी टीव्हीवर बातम्या लावल्या होत्या. मला दळवीकाका दिसत होते, पक्कं झालेलं गिऱ्हाईक दिसत होतं, पाय पोटाशी घेतलेल्या त्या दोन मुली दिसत होत्या. खोटं बोलायचीही गरज नव्हती. "फोटोत आहे तशी," एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"येऊन सांगते," मी म्हटलं.

मुलुंडला जाऊन मी दोन्ही फोटो त्यांच्यासमोर धरले. आधी वाइड, मग पस्तीसचा. त्या एकदा हा बघत, एकदा तो.

"दोन्ही एकाच खोलीचे?"

"एकाच. ताई, मी मधे उभी राहिले आणि हात पसरले. दोन्हीकडे लागले."

कुंदाताई दिवाणाचा आधार घेत उठल्या. खोलीच्या मधोमध जाऊन त्यांनी हळूहळू दोन्ही हात पसरले, सावकाश, जणू खरंच कुठे भिंत लागेल की काय. कुठेच काही लागलं नाही. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग हात खाली घेतले, फोन उचलला आणि माझ्यासमोरच बोलल्या.

"अमोल, मी सही करत नाही रे."

पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू येत होतं. "आत्या, मी काय तुला रस्त्यावर टाकतोय का? माझ्या पोरी हॉलमध्ये झोपतात. तुला तरी दार आहे."

"हो रे. कळतंय मला. पण सही करत नाही."

गिऱ्हाईक फिरलं. दळवीकाकांनी मला ऑफिसात बोलावलं. उभ्यानंच बोलले. "तुका मी फोटो काढूक पाठवलेलंय, पंचायती करूक नाय." मग टेबलाकडे बोट करून, "किल्ल्यो ठेव थंय टेबलार." गिरीशचं प्लास्टर निघालं, त्याचा कॅमेरा त्याच्याकडे गेला. जूनमध्ये माझ्याकडे काहीच काम नव्हतं. मी पुन्हा आमच्या खोलीत, माझा जुना कॅमेरा कपाटावर, आणि बाहेर टेम्पो बंद झालेले. नरेशला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर केलंस," आणि मग बऱ्याच वेळानं, "पण त्या मुलींचं काय?" त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. मलाही.

अमोलनं वर्षभर आत्याकडे पाऊल टाकलं नाही. कुंदाताईंचे गुडघे आणखी गेले. आता त्या खाली उतरत नाहीत. भाजीवाला वर येतो, औषधं शेजारीण आणते. घर त्यांचं आहे आणि त्या त्यातून बाहेर पडू शकत नाहीत. कितीदा तरी त्यांच्या दाराशी उभी असताना मला वाटलं आहे की मी त्यांना एका खोलीतून वाचवून दुसरीत कोंडलं. बोरिवलीला निदान माणसं होती. रात्री खोकला आला तर काचेपलीकडून कुणी तरी "आत्या, काय झालं?" म्हटलं असतं.

आता अमोल अधूनमधून येतो. गेल्या दिवाळीत मुलींना घेऊन आला होता. मोठीला आत्याकडे अभ्यासाला ठेवायचं चाललंय, असं कुंदाताई सांगत होत्या. बोलताना त्यांनी दिवाणावरची चादर विनाकारण सारखी केली.

मागच्या आठवड्यात, समोरच्या घरातला तो पंखा बघून झाल्यावर, मी मुलुंडला गेले. आंबे नेले होते. कुंदाताई एक फोड खात खिडकीशी बसल्या होत्या, हनुवटीला रस लागलेला. खाली टेम्पोत कुणाचं तरी कपाट चढवत होते. मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारून टाकलं.

"ताई, माझ्यामुळे झालं का हे सगळं?"

"काय सगळं?"

"हेच. तुम्ही इथे अशा एकट्या."

त्यांनी कोय ताटलीत ठेवली. पदरानं हनुवटी पुसली.

"तू फोटो दाखवलास," त्या म्हणाल्या. "‘नाही’ मी म्हटलं. वडिलांना म्हटलं नव्हतं, भावाला म्हटलं नव्हतं, ऑफिसात तर कुणालाच म्हटलं नव्हतं. ते माझं आहे. ते तू घेऊ नकोस."

मी घाटकोपरला परतले. सासरे खिडकीशी, सासूबाई ओट्याशी, ओवी आता माझ्या खांद्याला लागते, ती कॉटवर आडवी. नरेश दारात थांबला होता. मी त्याला तसंच बाहेर जिन्यात नेलं आणि म्हटलं, "आपण तिघं जवळच कुठेतरी भाड्यानं राहू. लहान असलं तरी चालेल." मला वाटलं होतं तो ‘आई-बाबांचं काय?’ म्हणेल. तो कठड्याला टेकून खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मी कधीपासून विचार करतोय, तुला कसं विचारावं."

सकाळी मी दळवीकाकांना फोन लावला. त्यांचा माझ्यावर राग होता, पण त्यांच्या धंद्यात राग फार टिकत नाही.

"बोल गो. खूप दिवसांनी."

"काका, एक खोली बघायचीय. भाड्यानं."

"कोणासाठी?"

"आमच्यासाठी."

मग किल्ल्यांचा आवाज आला. "भांडुपाक एक आसा. बरी आसा. फोटो पाठवू?"

"नको काका," मी म्हटलं. "मी येऊन बघते."